बासच्या मासेमारीसाठी रॉड आणि रीलची जोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून बास मासेमारीच्या सामानाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॅलसच्या आसपासच्या तलावांवर जातो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी टेक्ससमधली आहेत. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियावाल्यांनी प्रश्न १५ आधी वाचला तरी चालेल. बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा; नुसतं ‘बास’ लिहिलंय तिथे लार्जमाउथ बास समजा.

१. ‘मॅच्ड सेट’ म्हणजे नक्की काय? रॉड आणि रील एकाच कंपनीचे हवेत का?

नाही. कंपनी आणि रंग यांचा जोडी जुळण्याशी काही संबंध नाही. शिमानोचं रील सेंट क्रॉयच्या रॉडवर मजेत चालतं, डाइवाचं रील फेनविकवर चालतं. जुळायला हव्यात त्या चार गोष्टी: फेकायच्या लूअरचं (खोट्या आमिषाचं) वजन, ते पेलणारा रॉड, त्या रॉडला झेपणारी लाइन (गळाची दोरी), आणि ती लाइन नीट भरता-सोडता येईल असं रील. विचार करायचा तो याच क्रमाने. पण बहुतेक जण सेलमध्ये चांगलं रील दिसलं म्हणून सुरुवात रीलपासून करतात आणि मग त्याला रॉड शोधत बसतात.

एक गोष्ट मात्र जुळलीच पाहिजे, ती म्हणजे प्रकार. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं आणि त्या रॉडच्या हँडलजवळच्या कड्या (ज्यांतून लाइन ओवतात) मोठ्या असतात. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं, त्याच्या कड्या लहान असतात आणि हँडलखाली बोट अडकवायला ट्रिगर असतो. एकाचं रील दुसऱ्याच्या रॉडवर कसंबसं बसतं, पण वापरता येत नाही.

२. अगदी पहिलाच सेट घ्यायचाय. एकच घ्यायचा तर कोणता?

स्पिनिंग. सहा फूट दहा इंच ते सात फूट लांबीचा, मीडियम पॉवर आणि फास्ट ॲक्शनचा (अर्थ प्रश्न ५ मध्ये) रॉड घ्या. त्यावर २५०० साइझचं रील (काही कंपन्या त्याच मापाला ३० म्हणतात), त्यात १० पौंडी ब्रेड आणि पुढे सहा-सात फूट ८ पौंडी फ्लुरोकार्बन (लाइनचे हे प्रकार प्रश्न ८ मध्ये; पौंड म्हणजे लाइनची ताकद). गाठींची कटकट नको असेल तर सरळ ८ पौंडी मोनो भरा.

या एका जोडीवर वॅकी रिग, नेड रिग, ड्रॉप शॉट (हलकी प्लॅस्टिकची आमिषं लावायच्या पद्धती), लहान स्विमबेट (माशासारखे पोहणारे लूअर) आणि छोटे टॉपवॉटर (पाण्यावर चालणारे लूअर) फेकता येतात. घराजवळच्या तळ्याच्या काठावर उभं राहून पाच इंची सेंको (प्लॅस्टिकचा मऊ किडा) फेकायची आणि ती आपोआप बुडू द्यायची, एवढं जमलं तरी मासे लागतात. ती सेंको गळासकट जेमतेम दहा ग्रॅम भरते आणि हा सेट त्याच वजनासाठी बनलेला आहे.

३. पण यूट्यूबवर सगळे बेटकास्टरच वापरतात. मग स्पिनिंग कशाला?

त्यांच्या हातात जड लूअर असतात म्हणून. बेटकास्टरमध्ये फेकताना स्पूल (लाइन गुंडाळलेलं चाक) स्वतः गरगर फिरतं आणि त्याला फिरवायचं काम लूअरच्या वजनाला करावं लागतं. लूअर हलका असला की स्पूल नीट फिरत नाही, आणि जोर लावून फेकलं तर गुंता होतो. स्पिनिंगमध्ये स्पूल जागेवरच असतं, लाइन नुसती वेटोळी सुटत जाते. म्हणून पाव औंसाच्या खाली स्पिनिंग, अर्ध्या औंसाच्या वर बेटकास्टर आणि मधल्या पट्ट्यात हाताला जे सोपं जाईल ते.

हलके लूअर फेकता येणारे, फार हलक्या स्पूलचे बेटकास्टरही निघाले आहेत. ही बीएफएस नावाची पद्धत जपानमधून आली. छान आहे, पण महाग शौक आहे आणि पहिल्या-दुसऱ्या सेटचा विषय नाही.

४. हँडलच्या वर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं?

रॉड विकत घेताना वाचायलाच हवं असं दुकानात एवढंच असतं. समजा, लिहिलंय: ७ फूट, एमएच, एफ, लाइन १२–२० पौंड, लूअर ३/८–१ औंस. म्हणजे लांबी सात फूट, पॉवर मीडियम-हेवी, ॲक्शन फास्ट. लाइनचा आकडा सांगतो की १२ ते २० पौंडी लाइन तुटायच्या बेतात ताणली तरी रॉड टिकेल. लूअरचा आकडा सांगतो की एवढ्या वजनाने रॉड नीट वाकेल आणि लूअर लांब जाईल.

माझ्या मते यातला सगळ्यात कामाचा आकडा लूअरचा, कारण ‘मीडियम-हेवी’ या शब्दाला सगळ्या कंपन्यांत मिळून एकच माप नाही. एकीचा एमएच दुसरीच्या मीडियमच्या जवळ जातो. औंसांतले आकडे त्या मानाने खरं बोलतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, अर्धा औंस १४, ३/८ औंस साडेदहा आणि पाव औंस ७ ग्रॅम.

इथे एक गल्लत नेहमी होते. लूअरचं वजन म्हणजे लाइनच्या टोकाला जे जे लटकतंय त्याचं एकूण वजन. टेक्सस रिगला (गळाचं टोक प्लॅस्टिकच्या किड्यात लपवायची पद्धत) पाव औंसाची गोळी लावली, तरी गळ आणि प्लॅस्टिकचा मोठा किडा धरून ते अर्ध्या औंसाच्या आसपास जातं. जिगच्या (डोक्याशी वजन असलेल्या गळाच्या) पाकिटावर ३/८ लिहिलेलं असतं, पण मागे लावलेला ट्रेलर (प्लॅस्टिकची शेपटी) त्यात मोजलेला नसतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एकदा तळ्याच्या कामाला लावा, बरेच गैरसमज जातील. लावल्यावर तो धुवा, हे सांगायला नको.

५. पॉवर आणि ॲक्शन एकच ना?

नाही. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि कुठून वाकतो ती ॲक्शन. फास्ट रॉड शेंड्याकडच्या साधारण एक तृतीयांश भागात वाकतो आणि खाली ताठ राहतो. मॉडरेट रॉड जवळपास मध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो.

एकच जाड गळ असलेले लूअर, म्हणजे जिग किंवा टेक्सस रिग, यांना फास्ट हवा. हिसका मारला की जोर लगेच गळापर्यंत पोचला पाहिजे आणि गळ प्लॅस्टिक भेदून माशाच्या तोंडात घुसला पाहिजे. लहान तिहेरी गळांच्या लूअरना मॉडरेट बरा. त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये.

६. पहिला सेट झाला. दुसरा कोणता घेऊ म्हणजे दोन्ही एकमेकांना पूरक होतील?

बेटकास्टर. सात फूट ते सात फूट तीन इंच, मीडियम-हेवी, फास्ट, लूअर साधारण ३/८ ते १ औंस. रील सात-एकच्या आसपासच्या रेशोचं (प्रश्न ७), लाइन १५ पौंडी फ्लुरोकार्बन. यावर जिग, टेक्सस रिग, स्पिनरबेट, चॅटरबेट (हे दोन्ही पात्याचे लूअर) आणि मोठे टॉपवॉटर चालतात, आणि वेळ पडली तर विरळ शेवाळात फ्रॉगही (बेडकासारखा, शेवाळावरून ओढायचा लूअर).

या दोन सेटमध्ये मिळून बासची बहुतेक सगळी मासेमारी होते. तिसरा सेट घेण्याआधी हे दोन्ही एक पूर्ण हंगाम वापरा. तुम्हाला काय कमी पडतंय ते तुमच्या तळ्यावरच कळेल, दुकानदाराकडून कळणार नाही.

पाणी कसलं आहे यावर थोडा फरक पडतो. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. टेक्ससचा १८.१८ पौंडांचा विक्रमी बास १९९२ च्या जानेवारीत तिथेच लागला. तिथे पाण्यात झाडंच्या झाडं बुडालेली आहेत आणि मासा लागला की खोडाला वळसा घालायला बघतो. अशा जागी एमएचपेक्षा खाली जाऊ नका आणि लाइन १७ ते २० पौंडी ठेवा. उघड्या, दगडी काठाच्या तलावावर १२ पौंडी पुरते.

७. रीलवर ६.३:१, ७.१:१, ८.१:१ असं लिहितात. जास्त म्हणजे चांगलं का?

जास्त म्हणजे वेगवान, एवढंच. ७.१:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की स्पूल सात वेळा आणि थोडं जास्त फिरतं. जिग आणि टेक्सस रिगला वेग हवा, कारण त्यांत रॉडने ओढायचं आणि रीलने फक्त ढिली लाइन गोळा करायची असते. मासा तुमच्याकडे पोहत आला तर ती ढील झटकन उचलता आली पाहिजे. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला (ओढला की खाली डुबणारा, माशाच्या आकाराचा लूअर) पाच ते सहाच्या मधला रेशो बरा. तो लूअर पाण्यात खूप ओढ घेतो आणि वेगवान रीलवर मनगट भरून येतं.

सगळ्यासाठी एकच रील घ्यायचं तर ६.८ ते ७.३ च्या दरम्यानचं घ्या. वेगवान रील हळू फिरवता येतं. संथ रीलला पळवणं जास्त कठीण. आणि रेशोइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे एका फेऱ्यात किती इंच लाइन आत येते. मोठ्या स्पूलचं ६.३ आणि लहान स्पूलचं ७.१ यांत प्रत्यक्षात फारसा फरक उरत नाही. हा आकडा खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो.

८. मोनो, फ्लुरो, ब्रेड: कुठल्या रीलवर काय?

मोनो म्हणजे आपला तंगूस. स्वस्त, ताणला जाणारा, गाठ चांगली धरणारा, आणि हळू बुडत असल्यामुळे टॉपवॉटरला योग्य. फ्लुरोकार्बन बुडतो, पाण्यात कमी दिसतो, दगडावर घासला तरी टिकतो, पण ताठ असतो. ब्रेड ताणला जात नाही, तरंगतो, आणि त्याच ताकदीच्या मोनोपेक्षा फार बारीक असतो. ३० पौंडी ब्रेडची जाडी साधारण ८ पौंडी मोनोएवढी.

स्पिनिंगवर ब्रेड आणि पुढे फ्लुरोचा लीडर (टोकाचा तुकडा), ही माझी पसंती. जाड फ्लुरो स्पिनिंग रीलवर भरला की स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो, त्या वाटेला जाऊ नका. बेटकास्टरवर १२ ते १७ पौंडी फ्लुरो भरा. दाट शेवाळासाठी ब्रेड (प्रश्न १४).

गुळगुळीत स्पूलवर ब्रेड थेट बांधू नका. अख्खा गठ्ठा स्पूलभोवती घसरतो आणि ड्रॅग (जास्त ओढ आली की लाइन सोडणारा रीलमधला ब्रेक) बिघडलाय असं वाटत राहतं. खाली आधी थोडा मोनो गुंडाळा आणि त्याला ब्रेड जोडा. स्पूल काठापासून साधारण १/८ इंच कमी भरा. याहून कमी भरलं तर फेक आखूड पडते, आणि स्पिनिंगमध्ये जास्त भरलं तर लाइन आपोआप सुटून गोळा होतो.

९. बजेट दोनशे डॉलरचं आहे. रॉडवर जास्त घालू की रीलवर?

एका सेटसाठी दोनशे असतील तर भरपूर आहेत, दोन सेटसाठी असतील तर ताण आहे पण जमेल. स्पिनिंगमध्ये रॉडकडे झुकतं माप द्या. हलके प्लॅस्टिकचे लूअर तळाशी काय करताहेत हे रॉडच हाताला सांगतो, आणि साठ-सत्तर डॉलरचं स्पिनिंग रील आजकाल चांगलं निघतं. बेटकास्टरमध्ये उलट. स्वस्त बेटकास्टरचे ब्रेक ओबडधोबड असतात आणि नवशिक्याला ब्रेकच वाचवतात. तिथे रीलवर जास्त घाला.

रीलच्या बेअरिंगची संख्या मोजत बसू नका. ९+१ लिहिलेलं रील ५+१ पेक्षा चांगलंच असेल असं नाही. हँडल फिरवून बघा, घरघर आहे का, हँडल बाजूला किती हलतं. ड्रॅग घट्ट करून लाइन ओढा, ती एकसारखी सुटते की अडखळत, हे बघा. बाकी जाहिरात.

१०. दुकानात रॉड-रील एकत्र बांधलेला कॉम्बो स्वस्तात मिळतो. घ्यावा का?

पहिला स्पिनिंग सेट म्हणून खुशाल घ्या. लांबी, पॉवर आणि रीलची साइझ कंपनीने जुळवलेली असते आणि डोकं खाजवायचं काम वाचतं. बेटकास्टरचा अगदी स्वस्त कॉम्बो मात्र टाळा, कारण प्रश्न ९ मध्ये दिलंय.

कॉम्बोत बहुतेक वेळा काटकसर केलेली असते ती रॉडमध्ये: कड्यांच्या आत बसवलेल्या रिंगा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. धागे अडकले तर रिंग तडकलेली आहे आणि ब्रेड तिथे चिरला जाणार. आणि कॉम्बोबरोबर रीलवर आधीच भरलेली लाइन येते ती काढून टाका. ती किती दिवस त्या स्पूलवर वेटोळं घालून बसली होती देव जाणे.

११. बॅलन्स कसा बघायचा? आणि माझी उंची पाच फूट एक इंच आहे, सात फुटी रॉड झेपेल का?

रॉडवर रील बसवा आणि रीलच्या किंचित पुढे एका बोटावर तोलून धरा. शेंडा खूप खाली गेला तर दिवसभरात मनगट दुखणार. दुकानात रील नसलेला रॉड हातात घेऊन ‘हलका आहे’ म्हणू नका, कारण रील बसल्यावर सगळं बदलतं. आपलं रील सोबत नेलं तर कुठलाच बरा दुकानदार नाही म्हणत नाही.

उंचीचा अडथळा रॉडच्या एकूण लांबीपेक्षा रीलच्या मागच्या हँडलला जास्त येतो. ते कोपराच्या पलीकडे गेलं तर जॅकेटमध्ये अडकतं आणि टॉपवॉटरसाठी शेंडा खाली करून झटके देताना पोटाला लागतं. रील मनगटाजवळ धरून हँडलचं टोक कोपराशी थांबतंय का, ते बघा. तेवढं जमलं तर सात फुटी चालतो. नाही तर सहा फूट सहा इंच घ्या. काठावरून, झाडांच्या फांद्यांखालून फेकायला तो उलट सोयीचा पडतो.

१२. बेटकास्टरचा दर फेकीला गुंता होतो. रील खराब आहे का?

बहुधा नाही. लूअर हवेत मंदावतो, स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतं आणि सुटलेल्या लाइनला जायला जागा उरत नाही. हे सगळं तीन जागी आवरायचं असतं.

पहिली जागा म्हणजे हँडलच्या बाजूचं छोटं बटण, स्पूल टेन्शन. लूअर बांधून रॉड समोर धरा, अंगठ्याखालचा बार दाबून लूअर सोडा. तो सावकाश उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकला की स्पूल जवळपास तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. धाडकन पडला तर आवळा, लटकून राहिला तर सैल करा. लूअर बदलला की हे पुन्हा बघायचं. दुसरी जागा हँडलच्या विरुद्ध बाजूचे ब्रेक. चुंबकी ब्रेक असतील तर बाहेर डायल असते, सेंट्रिफ्यूगल असतील तर काही रीलमध्ये झाकण उघडून आतले छोटे तुकडे चालू-बंद करावे लागतात. सुरुवातीला जास्तीत जास्त ब्रेक लावा. फेक आखूड पडली तरी पडू दे. तिसरी जागा तुमचा अंगठा. स्पूलवर पिसासारखा टेकवायचा आणि लूअर पाण्याला टेकायच्या क्षणी दाबायचा.

गुंता झालाच तर लगेच उपसत बसू नका. बार न दाबता अंगठ्याने स्पूल घट्ट दाबा, तसंच दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग बार दाबून लाइन हळू ओढा. बरेचसे गुंते यानेच सुटतात. वाऱ्याच्या विरुद्ध मात्र अनुभवी माणसाचाही गुंता होतो. त्या दिवशी स्पिनिंग काढा आणि मोकळे व्हा.

१३. क्रँकबेटला म्हणे वेगळा रॉड लागतो. माझ्या एमएच फास्टवर का नाही चालणार?

चालतो, पण मासे सुटतात. क्रँकबेटला छोटे तिहेरी गळ असतात आणि बास त्यावर नुसता तोंड टाकतो. ताठ रॉडने ओढलं, किंवा मासा काठाजवळ उसळला, की ते बारीक गळ मांस फाडून बाहेर येतात. मॉडरेट रॉड वाकून तो धक्का खातो. सात फूट, मीडियम किंवा एमएच, मॉडरेट, १० ते १२ पौंडी फ्लुरो, पाच-सहाचा रेशो, हा त्याचा खास सेट.

तो घ्यायचा नसेल तर स्वस्तातली तोड: आहे त्याच रॉडवर फ्लुरोऐवजी मोनो भरा. मोनो ताणला जातो, त्यामुळे रॉडमध्ये नसलेल्या मऊपणाची थोडी भरपाई होते. फायबरग्लासचे रॉड याच कामासाठी अजून टिकून आहेत. वजनाला जड, पण वाकायला उत्तम.

१४. तळं पूर्ण शेवाळाने भरलंय. फ्रॉगसाठी काय लागेल?

सात फूट ते सात फूट तीन इंच, एमएच किंवा हेवी, फास्ट ॲक्शन, सात-एक किंवा वेगवान रील, आणि ५० ते ६५ पौंडी ब्रेड, लीडरशिवाय. एवढी जाड लाइन माशासाठी नाही, गवतासाठी. मासा लागला की तो खाली बुडी मारतो आणि तुम्ही मासा अधिक चार किलो वनस्पती ओढत असता. शेंडा मात्र अगदीच काठीसारखा नको, नाहीतर फ्रॉग जागच्या जागी डावी-उजवीकडे चालवता येत नाही.

आणि फ्रॉगवर पाणी उसळलं की लगेच हिसका मारू नका. लाइन ओढली जातेय हे जाणवू द्या, मग मारा. याला सामानाचा इलाज नाही.

१५. आम्ही न्यू जर्सीत आहोत, भाऊ कॅलिफोर्नियात. टेक्ससचा सल्ला आम्हाला लागू होतो का?

पाण्यावर अवलंबून आहे. डेलावेअर नदीत स्मॉलमाउथ बास मिळतो. वाहतं पाणी, दगडगोटे, लहान लूअर. तिथे प्रश्न २ चा स्पिनिंग सेटच मुख्य, आणि रॉड मीडियम-लाइट घेतला तरी चालेल. मिशिगनच्या लेक सेंट क्लेअरसारख्या मोठ्या, स्वच्छ पाण्यातही स्पिनिंगच पुढे. तिथे वारा फार, म्हणून सात फूट किंवा त्याहून लांब रॉड.

कॅलिफोर्नियात एकाच राज्यात दोन टोकं आहेत. सॅक्रामेंटो–सॅन वॉकीन डेल्टामध्ये गच्च पाणवनस्पती, म्हणजे प्रश्न १४ चा सेट. उलट डोंगरातल्या नितळ, खोल जलाशयांत ड्रॉप शॉट आणि ६ ते ८ पौंडी लाइन. तेव्हा भावाला आधी विचारा, रविवारी जातोस कुठे?

१६. लाइनवर १५ पौंड लिहिलंय. म्हणजे १५ पौंडांपेक्षा मोठा मासा लागला तर तुटणार?

नाही, ड्रॅग नीट असेल तर नाही. पाण्यातला मासा म्हणजे हवेत टांगलेलं वजन नव्हे. जास्त जोर लागला की ड्रॅग लाइन सोडतं आणि मासा दमतो. शिवाय एवढा मासा लागण्याची काळजी फार करू नका. लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे, जॉर्ज पेरीचा, १९३२ सालचा, जॉर्जियामधला. त्याची बरोबरी झाली ती थेट २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिताकडून.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचं. १५ पौंडी लाइनला चार-पाच पौंड. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा लाइनला अडकवून, रॉड वाकवून ओढून बघा. तुटते ती बहुतेक वेळा गाठ. बांधताना ओली करा. ब्रेडला पालोमार गाठ बांधा.

१७. रॉडवर २० पौंडांपर्यंत लिहिलंय आणि मी ५० पौंडी ब्रेड भरलाय. मोडेल का?

हा खरा अवघड प्रश्न. रॉडवरचा लाइनचा आकडा सहसा मोनो-फ्लुरो गृहीत धरून असतो आणि तो सांगतो की त्याहून आधी लाइन तुटेल, रॉड नाही. ५० पौंडी ब्रेडने ती सुरक्षा निघून जाते. आता सगळ्यात कमकुवत कडी रॉड. ड्रॅग वाजवी ठेवलं तर काही होत नाही, आणि लोक सर्रास असं वापरतात. मोडतो तो लूअर झाडात अडकल्यावर रॉडनेच खेचलं की. अडकल्यास रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरा, स्पूल दाबा आणि मागे चालत जा. ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, कातडी कापतो.

लूअरच्या आकड्याला मात्र अशी सवलत नाही. १ औंस मर्यादेच्या रॉडने दोन औंसांचा स्विमबेट जोरात फेकला तर रॉड तिथेच जाऊ शकतो. खालच्या मर्यादेपेक्षा हलका फेकला तर मोडत नाही, पण लांब जात नाही.

१८. मी डावखुरा आहे. कुठलं रील?

स्पिनिंगला प्रश्नच नाही, हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टरचं बदलता येत नाही, घेतानाच डावं की उजवं ठरवा. ज्या हाताने फेकता त्याच हातात रॉड ठेवायचा आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचं, ही सगळ्यात सोपी रीत. म्हणजे डाव्या हाताने फेकणाऱ्याला उजव्या बाजूचं हँडल. आणि ती रीलं दुकानात जास्त मिळतात, तेव्हा इथे एकदा तरी डावखुऱ्यांची सोय झाली.

१९. स्पर्धेतल्या बोटींवर दहा-बारा रॉड दिसतात. आपण एका वेळी किती वापरू शकतो?

ते रॉड प्रत्येकी एकेक लूअर बांधून तयार ठेवलेले असतात, वेळ वाचवायला. बासमास्टरच्या स्पर्धांतही एका वेळी एकच रॉड वापरायचा नियम आहे. तुम्ही बरोबर कितीही न्या. पाण्यात एकाच वेळी किती लाइनी टाकायच्या, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. मिनेसोटात उन्हाळ्यात एक, कॅलिफोर्नियात दुसऱ्या रॉडसाठी लायसन्सवर वेगळी परवानगी. लायसन्स तर बहुतेक सगळीकडे लागतंच. टेक्ससमध्ये मात्र स्टेट पार्कच्या आत, काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला ते लागत नाही. पाहुणे आले असतील तर ही उत्तम सोय.

२०. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला काय देऊ?

बटणाचं स्पिनकास्ट रील, पाच-साडेपाच फुटी मऊ रॉड, ६-८ पौंडी मोनो. झेबकोचं ३३ हे मॉडेल १९५४ पासून चालत आलंय आणि इथल्या अनेकांचा पहिला मासा त्यावरच लागला. (ही टल्साची कंपनी पूर्वी तेलविहिरींसाठी टाइम-बॉम्ब बनवायची. मुलांना ही गोष्ट फार आवडते.) कार्टूनची चित्रं असलेला अडीच फुटी रॉड घेऊ नका, त्याने फेक जमत नाही आणि मूल कंटाळतं. पहिल्या दिवशी बासचा आग्रहही नको. गांडूळ, फ्लोट आणि ब्लूगिल (छोटा, सहज लागणारा मासा).

२१. गाडी लहान आहे. टू-पीस रॉड घेतला तर चालेल का?

चालेल. जोड घट्ट बसतो ना आणि कड्या एका रेषेत येतात ना, एवढं बघा. फेकता फेकता जोड सैल होतो, मधूनमधून दाबत राहा. वन-पीस जरा हलका आणि जास्त संवेदनशील असतो, पण गाडीच्या दारात चिमटून तुटलेला वन-पीस काही कामाचा नाही. विमानाने न्यायचा असेल तर तीन-चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्या.

२२. सुट्टीत गावी जाताना हा सेट नेऊ का? तिकडे बास आहे का?

महाराष्ट्रातल्या तळ्या-धरणांत बास नाही, पण सामान वाया जाणार नाही. मरळ उथळ, पानवेलींनी भरलेल्या पाण्यात दबा धरून बसते आणि फ्रॉगवर अगदी बाससारखीच तुटून पडते. तिला प्रश्न १४ चा सेट जसाच्या तसा लागू. दात मात्र जास्त तीक्ष्ण, तेव्हा पक्कड बरोबर ठेवा. कोकणातल्या खाडीत जिताडा धरायचा तर एमएच रॉड आणि ४००० च्या आसपासचं स्पिनिंग रील बरं. तुमचं तळ्याचं २५०० खारं पाणी लागलं की गंजायला लागतं. वापरलंच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलकेच धुवा. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, मीठ आत ढकललं जातं.

आणि धरणावर जाण्याआधी विचारा. बऱ्याच जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तिथल्या लोकांशी आधी बोललं तर परवानगीबरोबर जागाही कळते.

२३. शेंड्याची शेवटची कडी तुटली. रॉड गेला का?

दोन-तीन इंचच गेले असतील तर नाही. तुटलेलं टोक बारीक पॉलिश कागदाने सपाट करा, त्या जाडीला बसणारी टिप-टॉप (शेंड्याची कडी) दुकानातून आणा आणि हॉट ग्लूने बसवा. बाकीच्या कड्यांशी एका रेषेत आहे ना, ते गोंद गरम असतानाच बघून घ्या. रॉड थोडा ताठ होईल, म्हणजे हलके लूअर पूर्वीइतके लांब जाणार नाहीत. तो जिगला ठेवा. वॉरंटी असेल तर मात्र आधी कंपनीला विचारा आणि तोवर काही कापू-चिकटवू नका. शेंडा मोडण्याची दोन कारणं नेहमी दिसतात, गाडीचं दार आणि काठावर मासा रॉडने उचलणं. मासा जवळ आला की रॉड डोक्याच्या मागे नेऊ नका. खाली वाका आणि बासचा खालचा जबडा अंगठ्याने धरा.